मामाची मांडी

अक्का गेली त्या दिवशी मी लातूरला होतो. सकाळी दवाखान्यातच तिचा जीव गेला. दुपारी तिला गावी नेलं. दिवस मावळायच्या आत सगळं झालं. तिच्या रक्ताची नळी तेव्हा हैदराबादच्या प्रयोगशाळेत होती आणि तिचा निकाल यायचा होता.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही दोघंच. तिनं ते रक्त कशासाठी दिलं हे सांगायचं तर तिच्या मुलीच्या जावळापासून सांगावं लागेल.

आमच्याकडे मुलाचं पहिलं जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मामा नवे कपडे घेऊन येतो, पाटावर बसतो, मूल मांडीवर घेतो. न्हावी कात्री लावतो आणि मुलाची आत्या केस पदरात झेलते. भाचीचं जावळ ठरलं तेव्हा मी नांदेडला कॉलेजात शिकत होतो. त्याच वर्षी आमचे वडील वारले होते. दहाव्याला माझं डोकं केलेलं होतं आणि अजून केस नीट वाढले नव्हते. सुतकाच्या वर्षात जावळ काढावं का, यावर घरात बोलणं झालं. अक्काच्या सासूनं ते मिटवलं. अक्काची सासू म्हणजे आमची सख्खी आत्या, वडिलांची बहीण. अक्काला तिच्याच घरी, आत्याच्या मुलाला दिलेलं होतं.

आत्या म्हणाली, "भाऊ माझा गेलाय. दुःख मला हाय. लेकराचं कशाला अडवायचं?"

देवणीच्या पलीकडच्या त्यांच्या गावी, महादेवाच्या देवळापुढं मी पाटावर बसलो. पोरगी मांडीवर रडली नाही. न्हावी म्हणाला, "मामा-भाची दोघं बी सारखेच झाले की!" सगळे हसले. मीही हसलो. माझे केस त्यानंतर दोन-तीन महिन्यांत पहिल्यासारखे झाले. तिचे आलेच नाहीत.

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. उशिरा येतात काहींचे. मग एरंडेल लावलं, जास्वंदीची फुलं वाटून लावली, कांद्याचा रस लावला. दाट येतील म्हणून पुन्हा वस्तरा फिरवला, नंतर पुन्हा. डोकं तसंच राहिलं. भुवयाही नावाला होत्या. पोरगी मात्र ठणठणीत होती, चालायला लवकर लागली, बोलायला त्याच्याही आधी.

ती चालायला लागली त्या सुमारास गावात बोलणं सुरू झालं. मामाच्या डोक्यावर केस नव्हते, सुतकातला मामा, त्याची मांडी लेकराला लागली. हे मला कुणी तोंडावर सांगितलं नाही. ते कळलं ते असं, की त्या वर्षी दिवाळीला अक्काचा निरोप आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही. नात्यातल्या लग्नांत आम्ही भेटायचो. ती विचारायची, जेवलास का. मी जेवलो म्हणायचो. कुणाचं तान्हं मूल हातोहात फिरत माझ्याजवळ आलं की कुणीतरी मध्येच उचलून घ्यायचं, "द्या हिकडं, भूक लागली आसंल त्याला." मुलाला भूक लागलेली नसायची. थोड्या वर्षांनी मी स्वतःच कडेची खुर्ची बघून बसायला लागलो.

नांदेडला एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नोकरी लागली. लग्नाची बोलणी एकदोनदा झाली आणि राहिली. त्याला मांडीचंच कारण होतं असं मी म्हणणार नाही. मी बोलत नसे, हेही कारण असेल. ग्रंथालयात बोलायचं नसतं, त्यामुळे तिथं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

भाचीनं एम.एस्सी. नांदेडला केलं, प्राणिशास्त्रात. राहायला वसतिगृहात होती, पण दुपारी आमच्या ग्रंथालयात येऊन बसायची. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायचो. माझ्या घरी ती येत नसे, आईनं सांगितलेलं असावं. एकदा चहा पिताना ती म्हणाली, "मामा, ते तुमच्या मांडीमुळं नाही. मला हे वर्गात शिकवलंय. आईबाबा नात्यातले. दोघांकडून एकेक बदललेलं जीन आलं आणि माझ्यात भेटलं. जन्माचं जावळ तेवढं येतं, नंतर मुळंच राहत नाहीत. काढलं नसतं तरी गेलंच असतं."

मी म्हणालो, "वाचलंय मी."

"कधी?"

"तुझ्या जन्मानंतर दोन-चार वर्षांनी. ग्रंथालयात पुस्तक होतं."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

मी काय सांगणार होतो? सांगणारा मीच, आणि ज्याच्यावर आळ आहे तोही मीच. आणि खरं म्हणजे मला पुस्तकाकडून ऐकायचं नव्हतं. अक्काच्या तोंडून ऐकायचं होतं, की तुझ्यामुळे नाही झालं. पुस्तकाच्या सांगण्यानं मी दुपारी शांत व्हायचो. घरी येऊन स्वयंपाकाला लागलो की पुन्हा तेच.

भाची शिकून लातूरला गेली आणि तिथल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागली. लातूरला डॉक्टर व्हायला आलेली मुलं गल्लोगल्ली दिसतात, हातात डबा, पाठीवर दप्तर. त्यांच्यापुढे ती रोज फळ्यावर चौकोन काढून आनुवंशिकता शिकवायची. वर्गात विग घालायची. मुलं तिला घाबरायची, ती चांगलं शिकवते म्हणून. दाजी वारल्यावर अक्का तिच्याकडे राहायला आली. आत्या मात्र गावी, दिराच्या मुलांत राहिली.

भाचीला बघायला मुलं येत होती. विग असल्याचं ती आधीच सांगायची. त्यावर अक्का म्हणायची, "रक्तात काय न्हाई बघा, जावळात चूक झाली तिच्या." पाहुणे चहा घेऊन जायचे. मग घरातूनच स्थळ आलं. तिच्या आत्याचा, म्हणजे दाजींच्या बहिणीचा मुलगा, उदगीरला खत-बियाण्याचं दुकान. चांगला मुलगा होता. लहानपणी तिला ओढणीशिवाय बघितलेला. तो म्हणाला होता, "केसांचं काय घेऊन बसलात? मलाच कुठं लई हाईत." अक्काचा जीव भांड्यात पडला. गावी आत्यानं तर साखर वाटली.

भाचीनं मला फोन केला. तिला मुलगा नको होता असं नव्हतं. तिला आधी तपासणी करायची होती. लातूरला कातडीच्या एक डॉक्टरीण होत्या, त्यांच्यामार्फत रक्त हैदराबादला पाठवता येत होतं. जीन बघतात, नेमका बदल सापडतो. बदल सापडला की मुलाचीही तपासणी करता येते. त्याच्यातही तोच निघाला तर होणाऱ्या लेकरांचं काय, ते आधी कळतं. तिचं स्वतःचं रक्त दिलेलं होतं. दाजी नव्हते, म्हणून डॉक्टरणीनं आईचं मागितलं होतं. आई देत नव्हती.

"काय म्हणते?"

"म्हणते, रिपोर्ट म्हंजे कागद. कागद झाला की लोक वाचत्यात."

"बरोबर आहे तिचं," मी म्हणालो.

"मामा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

त्याच पावसाळ्यात अक्का आजारी पडली. लिव्हरचं दुखणं निघालं, बरंच पुढं गेलेलं. मी तेव्हा मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतलेली होती. भाचीला क्लास सोडता येत नव्हता. मी नांदेडहून बसलो, अहमदपूरला गाडी थांबली तिथं चहा घेतला, आणि लातूरला दवाखान्यात जाऊन अक्काच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसलो. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं असे एका खोलीत बसलो नव्हतो.

तिनं डोळे उघडून मला बघितलं. पुन्हा मिटले. दुपारी भाची आली तेव्हा डोळे मिटूनच विचारलं, "ह्यो बसलाय का अजून?"

"बसलेत."

"एखादं पुस्तक तरी दे त्याला. सकाळपासून नुसता माझ्याकडं बघून राहिलाय. मी काय छापलेली हाय का?"

भाची हसली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन गेलो आणि तिच्यापाशी बसून वाचायला लागलो. असे काही दिवस गेले. मी तिला मोसंबीचा रस द्यायचो, ती अर्धा प्यायची. आम्ही फारसं बोलत नव्हतो. मला तसंच चाललं असतं.

एका दुपारी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती छताकडे बघत म्हणाली, "ते मांडीचं मीच म्हणलं व्हतं."

मी पुस्तक मिटलं.

"आत्याबाई न्हाई. सगळ्याला वाटतंय आत्याबाईनं काढलं. मी काढलं. लेकराचे केस येईनात, तवा रोज सकाळी त्या तिचं डोकं चाचपायच्या. बोलायच्या न्हाईत, नुसतं चाचपायच्या. मला कळलं, आता म्हणणार, तुझ्या मायच्या अंगानं आलंय. ह्यांना दुसरी करून दिली असती त्यांनी. मला पोरीसकट माघारी धाडलं असतं. त्यांच्या तोंडून निघायच्या आधीच मी म्हणून टाकलं. भावाची मांडी लागली म्हणलं. त्यांनी लगेच उचललं."

मी विचारलं, "आणि नंतर?"

"नंतर काय? तू लांब व्हतास, नांदेडला. शिकलेला. तुला काय फरक पडणार व्हता?" मग म्हणाली, "नंतर पोरीच्या कामी आलं ते. रक्तात न्हाई म्हणलं की माणसं बसायची तरी चहाला."

तिनं तेव्हा मला विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. तू माझ्यावर घाल, मी सोसतो, असंच म्हणालो असतो, माझा स्वभाव मला माहीत आहे. तिनं विचारलं नाही. तेवढंच होतं. त्या दुपारी मला राग आला नाही, हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाही. राग यायला समोर कुणीतरी धडधाकट असावं लागतं.

"आता कशाला सांगितलंस?" मी विचारलं.

"आता ती त्याच घरात चालली. त्याच रक्तात." ती दमली होती. "मी खोटं बोलले, ते पोरगी खरं धरंल असं न्हाई, तिला सगळं कळतंय. पण पोराच्या घरचे खरं धरून बसलेत. म्हणत्यात, मांडीचं हाय ना, मंग काय भ्यायचं? उद्या लेकरू झालं आन् त्याचं बी असंच झालं तर कुणाची मांडी धुंडायची?"

संध्याकाळी रक्त घेणारा मुलगा ट्रे घेऊन आला. रोज यायचाच, सकाळ-संध्याकाळ. अक्कानं हात पुढं केला आणि भाचीकडे बघून म्हणाली, "सगळेच घेऊन राहिलेत. तुझ्या हैदराबादला बी घे म्हण ह्याच्यातलं."

भाची तिथंच उभी होती. तिनं बाहेर जाऊन डॉक्टरणीला फोन केला आणि जांभळ्या टोपणाची नळी कुठं ठेवायची ते विचारून आली.

त्यानंतर अक्का फार दिवस राहिली नाही.

निकाल आला तो दहाव्याच्या आदल्या दिवशी. भाचीच्या मोबाईलवर आला. आम्ही तिच्या घरी जमिनीवर बसलो होतो, अक्काची खाट अजून भिंतीला होती. भाचीनं तो एकदा मनात वाचला आणि मग मला मराठीत सांगितला, वर्गात सांगते तसा. तिच्यात बदललेल्या जीनच्या दोन्ही प्रती आहेत, दोन्ही अगदी एकसारख्या. आईत एक आहे. म्हणजे दुसरी बाबांची. तिनं कागद घेऊन घराण्याचं झाड काढलं, बायकांचे गोल, पुरुषांचे चौकोन. नात्यात लग्न असलं की दोघांच्या मध्ये दोन रेघा काढतात. अक्का आणि दाजींच्या मध्ये तिनं दोन रेघा ओढल्या. अक्काकडून वर गेलेली रेघ आमच्या वडिलांपाशी गेली, दाजींकडून वर गेलेली आत्यापाशी, आणि दोन्ही पुढं माझ्या आजोबांच्या घरी मिळाल्या. माझ्या आईकडे कुठलीच गेली नाही.

झाडात मीही होतो. अक्काच्या शेजारी एक चौकोन. त्यात तिनं प्रश्नचिन्ह लिहिलं.

"तुमचं माहीत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावी दहावा होता. ओढ्याच्या काठी भावकीतली माणसं रांगेनं बसली आणि न्हाव्यानं एकेकाचं डोकं केलं. मी माहेरचा, म्हणून माझं करायचं नव्हतं. भाची बायकांबरोबर मागं उभी होती. थोड्या वेळानं ती पुढं आली, ओढणी सोडली आणि घडी करून हातात धरली. गावात तिला असं कुणी मोठेपणी बघितलेलं नव्हतं. चुलते-चुलतभाऊ सगळे उघड्या, ओल्या डोक्यांनी बसलेले. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"मामा, आज वेगळे तुम्हीच दिसून राहिलात," ती हळूच म्हणाली.

मी डोक्याला हात लावला. पांढरे का होईना, होते.

जेवणं झाल्यावर ती आत्यापाशी गेली. आत्या आता फार म्हातारी झाली आहे. ओसरीवर घोंगडीवर बसून असते, ऐकू चांगलं येतं. उदगीरचा मुलगा आणि त्याची आई तिथंच होते. भाचीनं सरळ सांगितलं, की निकाल आलाय, जे आहे ते रक्तात आहे, दोन्हीकडून आलंय. मुलाची तपासणी झाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

"दोन्हीकडून म्हंजे?" आत्या म्हणाली.

"आईकडून एक, बाबांकडून एक."

"तुझ्या बापाकडून? म्हंजे माझ्याकडून?"

"हाव, आजी."

आत्यानं नातीच्या उघड्या डोक्याकडे बघितलं. मग म्हणाली, "माझ्या डोक्यावर बघ की. ह्या वयात बी आंबाडा येतोय माझा. काय बी छापत्यात मेले."

मुलाची आई उठून आत गेली. मुलगा खाली बघत होता. तपासणी करतो असं तो म्हणाला नाही, करत नाही असंही म्हणाला नाही. पुढं त्यांच्याकडून निरोप आला, की घरात भाऊबंद नाही म्हणतात. त्याची तपासणी झाली नाही.

मी निघताना आत्याच्या पाया पडलो. म्हणालो, "आत्या, मग मांडीचं काय?"

"कसल्या मांडीचं?"

"माझ्या. जावळाच्या वेळची."

"मी कधी म्हणले?" ती म्हणाली. खरंच आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, ते मला कळलं नाही. "तुझी मांडी काय करतीय? काय बी बोलून राहिलास. जा, गाडी निघंल तुझी."

बस उदगीरमार्गे होती. मी खिडकीपाशी बसलो. इतकी वर्षं एक गोष्ट मानेवर होती आणि ती उतरली होती, पण ज्यांनी ठेवली त्यातली एक नव्हती आणि दुसरीला ठेवल्याचं आठवत नव्हतं. उतरली हे सांगावं असं कुणी मला आठवेना. जळकोटपर्यंत मी तेच शोधत होतो. मग शोधायचं सोडलं.

थंडीत मी लातूरला जाऊन माझंही रक्त दिलं. डॉक्टरणीनं विचारलं, "तुम्हाला कशाला हवंय? मूलबाळ नाही म्हणता." मी म्हणालो, भाचीच्या झाडात एक प्रश्नचिन्ह आहे. त्या हसल्या नाहीत. नळीवर माझं नाव लिहिलं.

त्याचाही निकाल आला. माझ्यात एक प्रत आहे, अक्काला होती तीच. भाचीनं फोनवर सांगितलं. मी बरं म्हणालो. ती म्हणाली, "वाईट वाटलं का?" मला वाईट वाटलं नव्हतं. मला काय वाटलं ते मी तिला सांगू शकलो नाही, अजूनही नीट सांगता येणार नाही.

भाचीनं विग घालणं सोडलं आहे. पहिल्या दिवशी वर्गात एकीनं विचारलं, "मॅम, हे परीक्षेत येईल का?" ती म्हणाली, येईल, लिहून घ्या. नवीन स्थळं बघत नाही. येईल तेव्हा बाहेरचं बघू, म्हणते. रविवारी फोन करते. कधी नांदेडला येते, माझ्या घरीच उतरते, पुस्तकं चाळते आणि संध्याकाळच्या गाडीनं जाते. ती गेल्यावर मी दोन कप विसळतो.

अक्का नाही. दाजी नाहीत. आत्या गावी आहे. अक्काच्या रक्तात जे होतं ते भाचीत आहे आणि माझ्यात आहे. माझ्यातलं माझ्यापाशी थांबेल.